लिंबाचं वय

गाड्यांचे सुटे भाग आपसांत भांडायचे, तेव्हाची गोष्ट. साठ्यांच्या जुन्या मोटारीला हुबेहूब पहिल्यासारखा नवा बंपर बसवला. जन्मापासून गाडीवर असलेला हॉर्न भडकला. ‘नकली कुठला! बोल्टांनो, याला धरू नका!’

बोल्ट सैल पडले. बंपर लोंबकळू लागला. आता आपण भंगारात जाणार, म्हणून त्याला रडूच फुटलं.

तेवढ्यात त्याच्याखाली मिरच्यांसोबत टांगलेलं लिंबू गरजलं, ‘खबरदार! पन्नास वर्षं मी या गाडीला दृष्ट लागू दिली नाही. पोरगा इथंच राहील!’

हॉर्नचा आवाजच बसला. बोल्ट निमूट घट्ट झाले.

‘पण तुम्हाला तर आज सकाळी टांगलं,’ बंपर पुटपुटला.

‘टांगलं आज. कामावर पन्नास वर्षं आहे.’

पुढच्या शनिवारी साठ्यांनी लिंबू बदललं. नवं लिंबू दोऱ्याला लटकताच म्हणालं, ‘काय रे पोरा, रुळलास का?’