कागदी लीगमधलं पहिलं नाव

"मामा, पहिलं नाव कुणाचं घेऊ?"

दस्तगीरमामा मैदानाच्या मधल्या रेषेवर वाकून चुन्याची फक्की मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हातात कागद किती हाईत?"

"अकरा."

"मग त्यास्नी इचार की."

विश्वजित भोगमनं हातातले कागद चाळले, गेल्या हंगामांच्या आकड्यांनी भरलेले. कागदांना तो चार महिने विचारतच होता. अकराच्या अकरा कागद एकच नाव सांगत होते, आणि तरीही तो भर दुपारी उन्हात या म्हाताऱ्याच्या मागं मागं चालत होता.

गोष्ट कोल्हापूरची आहे. तिथं माणसाला काहीही बोललेलं चालतं. पगार किती विचारा, लग्न का जमत नाही विचारा, तो हसून चहा पाजेल. पण "तुला फुटबॉल कळत नाही" एवढं मात्र म्हणू नये.

खालच्या पेठेतल्या आठ मित्रांनी कागदी लीग काढली होती. कल्पना विश्वजितचीच. शहरातल्या सगळ्या संघांमधले अठ्ठ्याऐंशी खेळाडू एका यादीत लिहायचे, आठ जणांनी पाळीपाळीनं एकेक नाव घ्यायचं आणि आपापला अकरा जणांचा संघ कागदावर बांधायचा. एकानं घेतलेला गडी दुसऱ्याला नाही. मग हंगामभर खरे सामने बघायचे. आपल्या कागदावरच्या गड्यानं गोल मारला की पाच गुण, गोलसाठी पास दिला की तीन. ज्याचे गुण जास्त, तो त्या वर्षीचा राजा.

शेवटच्याला शिक्षा होती. त्यानं बाकी सातही जणांच्या घरी जायचं आणि घरातल्या थोरल्या माणसापुढं उभं राहून सांगायचं, "मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

विश्वजित तीन वर्षं हे सांगत हिंडला होता. तिसऱ्या वर्षी तर संग्रामच्या आजीनं त्याला जवळ बसवून दहीभात वाढला. "असू दे बाळा," म्हणाली, "समद्यास्नीच कुठं कळतंय?" तो दहीभात त्याला अजून पचला नव्हता.

यंदा चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली पाळी नेमकी त्याची आली. पहिली पाळी म्हणजे मोठं भाग्य, पण त्यात एक गोम होती. आठव्यापर्यंत गेलेली पाळी तिथूनच उलटी फिरायची. म्हणजे पहिल्यानं एक नाव घेतलं, की मधली चौदा नावं डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या घशात. मग सोळावं आणि सतरावं त्याचं. पहिलं नाव चुकलं तर सगळंच चुकलं.

नावं आज संध्याकाळीच घ्यायची होती, सामना संपल्यावर, तिथंच पायऱ्यांवर बसून.

आणि मामा या मैदानावर चाळीस वर्षं रेषा मारत होते. त्याआधी पेठेचे गोलकीपर होते. पेठेत म्हणत, आज कोण गोल मारणार ते दस्तगीर बारगीर नुसते बूट बघून सांगतात. मामांना कुणी तसं विचारलंच तर ते म्हणत, "बुटाला चिखल लागलाय, एवढंच दिसतंय बाबा मला."

"माझे कागद म्हणतात, अभिराज कळके," विश्वजित म्हणाला. "वरच्या पेठेचा. सतरा सामन्यांत एकवीस गोल."

"चांगला पोरगा. डावा पाय लई गोड."

"म्हणजे घेऊ?"

"घे म्हणून कुठं म्हणालो?"

"मग नको घेऊ?"

"नको तरी कुठं म्हणालो..."

"मामा, सरळ सांगा की! चौथ्यांदा शेवटचा आलो तर पेठेत तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

मामांनी फक्कीचा डबा खाली ठेवला. कमरेवर हात देऊन हळूहळू सरळ झाले.

"सामना बघून तुला किती दिस झाले?"

विश्वजितला हे लागलं. "गेल्या वर्षी बेचाळीस बघितले, मामा. एकही चुकवला नाही. सगळ्यांची नोंद आहे माझ्याकडं."

"नोंद हाय. बरं..." मामा म्हणाले. "आज माझ्याशेजारी बस."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा डबा उचलला.

सामना हंगामाआधीचा होता, मैत्रीचा. खालची पेठ आणि वरची पेठ यांच्यातला मैत्रीचा सामना म्हणजे ज्याला पोलीस जरा कमी लागतात तो. चार वाजता पायऱ्या भरल्या. हलगी वाजायला लागली. मामा खालच्या पेठेच्या बाजूला पाचव्या पायरीवर बसले आणि शेजारी विश्वजित, मांडीवर अकरा कागद, हातात पेन्सिल. त्याच्या पुढ्यातच गिरणीवाले आप्पा खवरे बसले होते. गिरणी बंद करून तसेच आले होते, त्यामुळं भुवयांपासून चपलांपर्यंत पिठानं पांढरे.

विसाव्या मिनिटाला अभिराज कळकेनं मधूनच चेंडू घेतला. दोघांना मागं टाकलं, तिसऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि लांबूनच डाव्या पायानं असा वळवून मारला की चेंडू खांबाला घासून जाळीत बसला.

खालच्या पेठेच्या पायऱ्या चिडीचूप. हलगीसुद्धा थांबली.

त्या शांततेत एकच आवाज खणखणीत उठला.

"पाच गुण!"

आवाज कुणाचा, म्हणून विश्वजितनंही आजूबाजूला बघितलं. मग लक्षात आलं, आपलाच.

दीडदोन हजार माना वळल्या. सगळ्यात शेवटी आप्पांची वळली.

"कुणाचा रं तू?"

"...खालच्या पेठेचा, आप्पा."

"मग आत्ता हे काय व्हतं?"

"गुण मोजत होतो."

"घरी बसून मोज," आप्पा म्हणाले. आप्पांच्या पलीकडून कुणीतरी शेंगांची टरफलं त्याच्या डोक्यावर नेम धरून टाकली.

आणि तेवढ्यात शेजारी टाळ्या ऐकू आल्या. मामा वाजवत होते, मनापासून, दोन्ही हात वर करून. "वा रं पठ्ठ्या! काय मारला! मी असतो तर मीबी अडवला नसता, नुसता बघत ऱ्हायलो असतो."

मामांकडं कुणीच वळून बघितलं नाही. आप्पांनी तर "खरं हाय" म्हणून मान हलवली.

विश्वजितला हा उघडउघड अन्याय वाटला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही पण टाळ्या वाजवल्या. तुम्हाला कोणी टरफलं मारली नाहीत."

"मी गोलाला वाजवल्या."

"मी पण गोलालाच..."

"तू पाचाला वरडलास."

विश्वजितनं पेन्सिल कानावर खोचली. अभिराजच्या नावापुढं पाच लिहायचे राहून गेले.

दुसऱ्या अर्ध्यात खालच्या पेठेनं कॉर्नरवर डोक्यानं गोल करून बरोबरी साधली. सामना संपायला मिनिटभर उरलं होतं, आणि खालच्या पेठेच्या एका शहाण्यानं आपल्याच गोलपुढं हातानं चेंडू अडवला.

पेनल्टी.

मारणार अभिराज कळके. अडवणार बंडा मेथे.

बंडा खालच्या पेठेचा गोलकीपर. पेशानं नळ दुरुस्त करणारा, अंगानं भरदार, स्वभावानं गरीब. विश्वजितच्या यादीत अठ्ठ्याऐंशीपैकी शहाऐंशीवा. गेल्याच आठवड्यात त्यानं विश्वजितच्या घरचा नळ दुरुस्त केला होता आणि तो नळ अजून गळत होता. ज्याला पाणी अडवता येत नाही तो चेंडू काय अडवणार, असं पेठेत लोक त्याच्या तोंडावर म्हणत. बंडा स्वतःच त्यावर सगळ्यात जास्त हसायचा.

"काय हुईल रं?" मामांनी विचारलं.

विश्वजितला कागद उघडायची गरज नव्हती. "गोल होईल. तीन वर्षांत त्यानं अकरा पेनल्टी मारल्यात. अकराच्या अकरा आत."

"नक्की?"

"नक्की."

"मग बसलाईस कशाला? जा घरी."

विश्वजित उठला नाही.

मामा त्याच्याकडं बघत राहिले. "जा की... कळलंय न्हवं तुला?"

"बघतो मामा," तो म्हणाला. काय होणार हे ठाऊक होतं आणि तरी पायऱ्या सोडवत नव्हत्या. कागद त्याच्या मुठीत चुरगळत चालले होते.

शिट्टी झाली. अभिराज धावत आला. बंडानं डावीकडं अंग टाकलं, सगळंच्या सगळं, धाडकन. चेंडू उजवीकडं गेला.

पण बंडाचा एक पाय मागं राहिला होता. का राहिला, ते बंडालाही पुढं कधी सांगता आलं नाही. चेंडू त्या पायाच्या नडगीवर आपटला, वर उडाला, दांडीवरून पलीकडं गेला आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षेच्या टपावर पडला.

पुढचं विश्वजितला नीट क्रमानं आठवत नाही. आपण ओरडलो हे आठवतं. काय ओरडलो ते आठवत नाही, कारण त्यात शब्दच नव्हता. आप्पा खवऱ्यांना त्यानं मागून मिठी मारली, आप्पांनी वळून त्याचा मुका घेतला, आणि दोघंही सारखेच पांढरे झाले. हलगीवाला पायऱ्यांवरून उड्या मारत सुटला. हातात जे होतं ते विश्वजितनं आभाळात उधळलं.

हातात अकरा कागद होते.

चार महिन्यांची मेहनत पायऱ्यांवर भिरभिरत उतरली. एक कागद कुणाच्या तरी टोपीवर बसला, दोन वाऱ्यानं मैदानात नेले. पेनल्टीचा कागद शेंगावाल्यानं अलगद झेलला, सराईत हातानं त्याची पुडी वळली, शेंगा भरल्या आणि मामांना दिली.

"किती गुण झाले?" मामांनी शेंग फोडत विचारलं.

"कशाचे?" विश्वजित म्हणाला.

आणि मग त्याला स्वतःचंच हसू आलं. तो इतका हसला की पायरीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. या मैदानावर तीन वर्षांत तो असा हसला नव्हता, आणि हे आपल्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं याचं त्याला क्षणभर वाईटही वाटलं.

तोवर बाकीचे सात जण येऊन पोचले. संग्रामकडं वही होती.

"चल विशा, पहिलं नाव. लवकर सांग, अंधार पडायच्या आत आटपू या."

विश्वजितनं हात मांडीकडं नेला. मांडीवर काहीच नव्हतं. अर्थात नाव पाठच होतं. चार महिने झोपेतसुद्धा तेच नाव होतं.

त्यानं मैदानाकडं बघितलं. खालच्या पेठेची पोरं बंडाला खांद्यावर घेऊ बघत होती. चौघांना तो पेलला नाही. सहा जण लागले, तरी त्याचा एक बूट जमिनीला घासतच होता, आणि बंडा वर बसून "पाडशिला रं मला!" म्हणून ओरडत होता.

"बंडा मेथे," विश्वजित म्हणाला.

सगळे एकदम हसले.

"पहिलं नाव? गोलकीपर? आणि तोपण बंडा?" संग्रामनं पेन वर धरलं. "लिहू? मागनं बदलता यायचं न्हाई."

"लिही."

"आजीला दहीभाताचं आत्ताच सांगून ठेवू का?"

"सांग," विश्वजित म्हणाला. "बरोबर लिंबाचं लोणचं पण असू दे म्हणावं."

संग्रामची पाळी दुसरी होती. त्यानं अभिराज कळकेचं नाव इतक्या घाईनं लिहिलं की वहीचं पान फाटलं. मग पाळी पुढं सरकली, आठव्याकडं गेली, उलटी फिरली. एकेक चांगलं नाव गेलं. विश्वजित प्रत्येक नावाला "वा, चांगला घेतलास" म्हणत होता आणि मामांच्या पुडीतल्या शेंगा खात होता.

चौदा नावं झाली.

"विशा, आता तुझी दोन."

यादीत अजून बरीच नावं होती. कोण बरा, कोण वाईट, कोणाचा गुडघा दुखतो, सगळं त्याला माहीत होतं. तो मामांकडं वळला.

"मामा, आता कुणाचं घेऊ?"

दस्तगीरमामांनी पुडीतली शेवटची शेंग फोडली. एक दाणा त्याच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला.

"आता व्हय..." ते म्हणाले. "आता कुणाचंबी घे."