सार्थवाहाच्या फाशातला ससा

पूर्वी एका सीमेवरच्या नगरात धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गाडीवानाच्या घरी जन्मला. त्याचे नाव गोमिक. तो पालित नावाच्या सार्थवाहाच्या तांड्यात चाकरीला होता, आणि आपल्या शब्दाशिवाय तांड्यात पानही हलू नये असे या पालिताला वाटे.

एकदा अरण्यात पुराने तांड्याला दोन्हीकडून वेढले. धान्य भिजून कुजले. बैल मारावेत, तर गाड्या कोण ओढणार? तेव्हा रानालगत वाढलेल्या गोमिकाने बैलांच्या शेपटीचे केस वळून फासे केले, हातांना शेण चोळून माणसाचा वास घालवला आणि सशांच्या वाटेवर ते मांडले. संध्याकाळी चूल पेटली. पिल्ले पाजणारी मादी सापडली तर तो तिला सोडून देई. पोटापुरते घेई, आणि घेताना क्षमा मागे.

माणसे उठताबसता गोमिकाचे नाव घेऊ लागली आणि पालिताच्या पोटात दुखू लागले. स्वयंपाक्याने पहिला वाटा धन्याऐवजी गोमिकापुढे ठेवला, तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

“चाकराच्या हातचं मी खाणार नाही. माझे फासे मी मांडीन!”

“हातांना शेण चोळा, धनी,” गोमिक हळूच म्हणाला.

“तू मला शिकवतोस?”

चंदन माखलेल्या हातांनी पालिताने बारा फासे मांडले. चार दिवस तिकडे उंदीरही फिरकला नाही. इकडे चुलीचा वास यायचा, आणि हा हट्टी माणूस पाणी पिऊन पडून राहायचा. पाचव्या दिवशी काठी टेकत गेला, तर फाशात ससा! त्याने तो सगळ्यांना दाखवला आणि एकट्याने खाल्ला. पुढचे दोन दिवसही तसेच झाले. तरी जीव शांत होईना. मला एकच आणि त्याला सहा कसे? नक्की माझेच चोरत असणार!

आठव्या दिवशी उजाडताच तो आपल्या फाशांजवळच्या झुडपाआड दबा धरून बसला. गोमिक आला, फाशापाशी वाकला.

“चोरा!” पालिताने काठी हाणली. गोमिकाचा खांदा फुटला आणि त्याच्या हातातला मेलेला ससा खाली पडला. फासा रिकामाच होता.

“म्हणजे तू... ठेवत होतास?”

“माझ्या हातचं तुम्ही खाल्लं नसतंत, धनी. मेला असतात.”

पालिताला लाजेआधी रागच आला. चांगुलपणातही हाच पुढे! पण रक्त गळत असताना गोमिकाने ससा उचलला, त्याचा पाय पुन्हा फाशात अडकवला, आणि धन्याला तो स्वतः काढता यावा म्हणून पाठ फिरवून उभा राहिला. तेव्हा मात्र पालिताला रडू कोसळले.

त्या संध्याकाळी तो सगळ्यांबरोबर चुलीशी बसला. “मी एकही ससा धरलेला नाही,” तो मोठ्याने म्हणाला आणि गोमिकापुढे पान धरले. “वाढ.”

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, धाकट्या भिक्षूच्या पात्रातली खीर पाहून तीन दिवस उपाशी बसलेला आपला इंदगुत्त, तो त्या वेळी पालित होता. तांडा म्हणजे हा संघ, आणि गाडीवान मी होतो. घेणाऱ्याचा मान राखून दिले जाते, ते दान.”

इंदगुत्ताने मान खाली घालून आपले पात्र पुढे केले.