हंगामी कारभारणीचा हुकूम

एका राज्यात राजा सिंहासन सोडून पळाला. त्याच्या मांत्रिकाने जाता जाता शाप दिला, "राज्याच्या धन्याच्या नावाने न दिलेला हुकूम प्रत्येक कानी वेगळा पडेल."

नवा धनी ठरेपर्यंत दरबाराने प्रधानाची लेक ऋतंभरा हिला हंगामी कारभारीण नेमले. तिने पहिला हुकूम दिला, "कोठार उघडा. उपाशी लोकांना धान्य वाटा."

एका रक्षकाला ऐकू आले, 'टाळे ठोका.' त्याने ठोकले. दुसऱ्याला ऐकू आले, 'आवाराची भिंत पाडा.' त्याने पाडली. मग दोघेही एकमेकांना फितूर म्हणू लागले.

दुसरा हुकूम सीमेवर गेला, "लढाई थांबवा, घरी या." अर्धे सैन्य घरी निघाले, अर्धे शत्रूवर चालून गेले. सेनापती वीरबाहू धापा टाकत दरबारात आला.

"बाईसाहेब, हुकूम नेमका काय होता?"

"घरी या, इतकाच."

"कोणाच्या नावाने?"

ऋतंभराने हुकूम मनाशी पुन्हा म्हणून पाहिला. आपण नेमके काय बोललो, याचीही तिला आता खात्री वाटेना.

राजवाड्याच्या बागेत एक म्हातारा राघू होता. तो माणसासारखा बोले. ती त्याच्याकडे गेली.

"कामे तीन," राघू म्हणाला. "लोकांना जेवू घाल, लढाई मिटव, आणि राज्याचा धनी कोण ते लोकांना विचार."

"तिसरे काम मी शेवटी ठेवले आहे. या गोंधळात कोणाला काय विचारू?"

"ते राहिले आहे, म्हणून तर गोंधळ आहे."

ती थेट चौकात गेली. हुकूम दिला नाही, विचारले, "राज्य कोणाचे?"

हा प्रश्न सगळ्यांना सारखाच ऐकू आला. लोक भांडले, रुसले, पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, "राज्य आमचे. कारभार सोमदत्त वैद्याने पाहावा." ऋतंभराला कारभारीण नेमताना सगळ्यांत कडवा विरोध याच वैद्याने केला होता.

सोमदत्त उठला. "लोकांच्या नावाने सांगतो, धान्य वाटा, सैन्य घरी आणा."

शाप तुटला. दोन्ही रक्षकांनी मिळून टाळे काढले. सैन्य परतले, बाजार भरला.

ऋतंभरा धान्याच्या रांगेत उभी राहिली. पदरात जोंधळे पडले तेव्हा तिला रडू फुटले. ते हरल्याचे होते की सुटल्याचे, तिचे तिलाच कळेना.