न बसणारी उत्तरं

"दुःख मोजता येतं की नाही, बाई? एवढंच सांगा. वाद मिटतो."

"तू मोजलंस ना?"

"मोजलं."

"मग मला कशाला विचारतोस?"

जिनेंद्र कुरुंदवाडे हसला. ताम्हनकर बाईंचं हे तोडून बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. डोळ्यांना जे दिसत नाही तेही मोजता येतं, हे विद्यापीठात बाईंनीच त्याला शिकवलं होतं. भीती, बुद्धी, दुःख. नीट पारखलेले प्रश्न विचारायचे. काहींना हलक्या दुःखातला माणूसही 'हो' म्हणेल, काहींना फक्त तळाला गेलेलाच. आलेल्या उत्तरांवरून आतलं माप काढायचं.

आता तो स्वतः हे शिकवत होता, परदेशातही जाऊन आला होता. मूल गमावलेल्या आईबापांसाठी त्यानं एक मापनश्रेणी बनवली होती. काही इस्पितळं ती वापरणार होती. ज्याचा आकडा रेषेच्या वर जाईल त्याच्या घरी समुपदेशक जायचा. खाली राहील त्याच्याकडे नाही. माणसं कमी होती.

श्रेणीचं पुस्तक निघणार होतं. त्याला बाईंची प्रस्तावना हवी होती, म्हणून तो मिरजेला आला होता.

बाईंची ऋता दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तो परदेशात होता. फोनवर दोन वाक्यं बोलला होता. आज समोर बसूनही तो विषय त्याला काढता आला नव्हता.

"चूक किती राहते?" बाईंनी विचारलं.

त्याचा चेहरा उजळला. "जवळजवळ नाहीच. इतकं स्वच्छ मॉडेल आपल्याकडे कुणाचं झालेलं नाही, बाई."

"कसं केलंस?"

"जे प्रश्न बसत नव्हते ते काढले. मग जी माणसं बसत नव्हती ती काढली."

"माणसं?"

"थोडीच. काहीही उत्तरं देणारी. एक बाप तर सगळा वेळ हसत होता. मला उसाचा रस पाजला त्यानं. अशांनी मापच बिघडतं."

बाई अंगणाकडे बघत राहिल्या...

"मला विचार तुझे प्रश्न," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"का? मी बसते की त्यात."

जिनेंद्र गडबडला. मग त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खाली मान घालूनच सुरुवात केली.

"झोप उडाली आहे?"

"नाही. वेळेवर झोपते."

"जेवण जात नाही?"

"जातं. दोन्ही वेळा."

"एकाएकी रडू येतं?"

"नाही."

त्याचे खांदे सैल पडले. बाई सावरल्या आहेत, असं त्याला वाटलं. पुढचे प्रश्न त्यानं भराभर विचारले. घरातली कामं होतात? होतात. माणसं नकोशी वाटतात? नाही. बाईंचा आवाज एकसारखा होता.

शेवटचा प्रश्न आला. तो गाळावा असं त्याच्या मनात आलं. पण बाई वाट बघत होत्या.

"आपणही जावं... असं वाटतं?"

"रोज."

जेवणाबद्दल बोलल्या होत्या त्याच आवाजात.

त्याची बोटं थांबली.

"बाई... असं होत नाही."

"काय होत नाही?"

"हा सगळ्यात तळाचा प्रश्न आहे. इथं 'हो' म्हणणाऱ्याला झोप लागत नाही. त्याला घास जात नाही. तो आधीच्या प्रश्नांना 'नाही' म्हणूच शकत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय."

"नाही, नाही. उत्तरं बसत नाहीत, एवढंच."

"मग माझं काय करशील?"

तो बोलला नाही.

"बरं, काढलं नाहीस मला. तर माझ्याकडे कुणी येईल?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. आकडा तिथं होता.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही रेषेच्या खाली आहात."

बाईंनी मान डोलावली. चांगल्या विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलवायच्या, तशीच.

जिनेंद्रनं लॅपटॉप मिटला. त्याला तो हसणारा बाप आठवत होता. ग्लास पुढे करताना त्याचा हात थरथरत होता. ते त्यानं पाहिलं होतं, आणि कुठेच धरलं नव्हतं.

"त्यांचे पत्ते आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. घसा दाटला होता. "काढलेल्यांचे. मी जातो त्यांच्याकडे, बाई. एकेकाकडे जातो."

"जा ना. जाऊन विचारशील काय?"

...

आतून काठीचा आवाज आला. बाई लगेच उठल्या. "चल, पानं घेते. अण्णांची वेळ झाली. तू येणार म्हणून कांदा-लसूण घातलेला नाही."

बाईंचे यजमान, अण्णा, भिंतीला धरून स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसले. ऋता गेल्यावर त्यांना झटका आला होता, तेव्हापासून वाचा गेली होती. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका सैल झाला होता.

बाईंनी तिघांना वाढलं. भाकरी, घेवडा, आमटी.

अण्णांनी ताटाला हात लावला नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. "छान झालीय हं आज," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

मग अण्णांचा हात हळूहळू ताटाकडे गेला. त्यांनी एक घास घेतला आणि पुन्हा वर पाहिलं. बाईंनी दुसरा घास घेतला. अण्णांनी दुसरा घेतला. बाई भाजी मागून घेत होत्या, ऊन वाढल्याचं बोलत होत्या.

जिनेंद्रच्या हातातला तुकडा तसाच राहिला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते त्याला आवरेना.

अण्णांनी चावणं थांबवलं. त्यांची नजर बाईंवरून निघून त्याच्या चेहऱ्यावर आली. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

बाईंनी जिनेंद्रच्या ताटात आमटी वाढली.

"जेव, जिनेंद्र," त्या म्हणाल्या. "ते बघताहेत."