उशिरा आलेले पाणी

येशूच्या मागे जाऊन कोंडाबाईला काय मिळणार होते, याचा हिशेब वाघजळीच्या रंभाजी पाटलांनी तिच्याआधी करून ठेवला होता. नाताळाला एक लुगडे. दुखण्याखुपण्यात मिशनच्या दवाखान्यातली बाटली. पोरीच्या हातात पाटी. आणि मेलेली ढोरे ओढणे, पाटलांचे अंगण झाडणे, सरपणाचे भारे फुकट वाहणे, या सगळ्यांतून सुटका. लुगड्याबाटलीचे पाटलांना काही वाटत नव्हते. खुपत होती ती शेवटची बाब, कारण तिच्या खात्यावर जे जमा होणार ते पाटलांच्या खात्यातून वजा होणार होते. देव कोणता, याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. चावडीवर बसून ते म्हणत, “पुजा की कुनाला पुजायचं त्याला! पर आमचं ढोर कोन ओढनार, ते सांगून पुजा!”

पुढे मिशनचे साहेब आपल्या देशी परत गेले. मास्तरांची बदली झाली, शाळेचे पत्रेसुद्धा कोणी उतरवून नेले, आणि दवाखान्याची गाडी यायची बंद पडली. पाठोपाठ अवर्षणाचे साल उगवले. गावात विहीर एकच. गावकुसाबाहेरच्या माणसांनी तिला शिवायचे नाही, असा रिवाज. त्यांनी खाली घागर मांडून बसायचे आणि वरच्या कोणाला दया येईल तेव्हा तो ओतील तेवढे आपले म्हणायचे. पाटलांनी फर्मान काढले: येशूवाल्यांना थेंब ओतायचा नाही. ज्याने ‘सोडला’ म्हणून सांगितले आणि जुनी कामे पुन्हा अंगावर घेतली, त्याला पाणी.

सगळी वस्ती एकदम बाप्तिस्मा घेऊन आली होती, ती एकदम परतली. त्यांना नावे ठेवू नयेत, मंडळी. तहानलेल्याच्या श्रद्धेचे मोजमाप आपण पोटभर पाणी पिऊन करतो, हे ध्यानात असू द्यावे.

राहिली एकटी कोंडाबाई, विधवा, आणि तिची चार वर्षांची लेक. मुलीचे नाव सुवार्ता. वस्तीत तिला सुवी म्हणत. दोन कोसांवरच्या नदीच्या पात्रात वाळू उकरून कोंडाबाई गढूळ पाणी आणी. आता तिच्या जमेच्या बाजूला लुगडे नव्हते, बाटली नव्हती, पाटी नव्हती. तरी ती बाई रोज तिन्हीसांजेला पोरीला जवळ घेऊन हात जोडायची. हे पाहून पाटलांना राग येण्याआधी कोडे पडत असे. फायदा नसताना माणूस एखादी गोष्ट करतो, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हते.

अशा दिवसांत, वैशाखाच्या तोंडावर, कृपाराम महाराज वाघजळीला आले. ख्रिस्ती मंडळीत ‘महाराज’ म्हणायची रीत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना ते खटकेही. पण हातात चिपळ्या, पायांत वहाणा नाहीत आणि मुखी प्रभूचे भजन, अशा माणसाला खेड्यापाड्यांतले लोक दुसरे काय म्हणणार? महाराज पत्रे नसलेल्या शाळेत उतरले. संध्याकाळी त्यांनी भजन मांडले. श्रोते दोन, कोंडाबाई आणि सुवी. तिसरी एक शेळी होती, ती मध्येच उठून गेली.

पाटील मुद्दाम फिरत फिरत तिथे आले. “काय महाराज, एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवताय जनू!”

महाराज हसले. म्हणाले, “पाटील, बसा. दुकान चालेल.”

“बसायला हरकत न्हाई वो. पर बसून काय भेटनार, ते आधी सांगा.”

“ते आम्हालाही अजून कळलेले नाही,” महाराज म्हणाले. पाटील खदाखदा हसत निघून गेले. ही गंमत त्यांनी त्या दिवशी गावभर सांगितली.

मग सुवीला त्या गढूळ पाण्याने ओकाऱ्या आणि हगवण लागली. पोर सकाळपर्यंत चिपाडासारखी झाली. ओठ वाळले, डोळे आत गेले. “स्वच्छ पाणी उकळून, मीठ-गूळ घालून घोटघोट पाजायला हवे,” महाराज म्हणाले. स्वच्छ पाणी फक्त विहिरीत. आणि महाराज प्रभूचे झाल्यापासून त्यांच्याही हाताला विहिरीचा दोर वर्ज्य होता. कोंडाबाईने एका खांद्यावर पोर घेतली, काखेत घागर घेतली आणि ती विहिरीखाली लिंबाच्या झाडाशी जाऊन बसली. महाराज मागोमाग गेले.

पाटील तिथेच होते. ते म्हणाले, “कोंडे, म्या काय दुष्ट हाय व्हय? एक शबुद म्हन, सोडला. हितंच घागर भरून देतो.”

कोंडाबाईने तोंड उघडले. कोणती आई उघडणार नाही? पण त्या वेळीही ती सावध होती. तिने विचारले, “म्हनते. आन् उद्यापून?”

“उद्यापून काय? आंगन, सरपन, ढोरं, समदं पयल्यावानी.”

“आन् ही मोठी झाल्यावर?”

“ही बी. तुझीच पोर न्हवं का ती!”

कोंडाबाई येशूकडे आली होती ते लुगड्यासाठी नव्हे, हे त्या दिवशी पहिल्यांदा गावाला कळले. पोरीचा जीव वाचवायचा तर पोरीचा जन्म लिहून द्यायचा, असा तो सौदा होता. तिचे ओठ हलत होते. शब्द बाहेर येत नव्हता आणि आतही जात नव्हता.

महाराज पुढे झाले. म्हणाले, “पाटील, तुम्हाला ढोर ओढायला माणूस हवा आहे. मी आहे. ह्या बाईला पाणी द्या.”

पाटलांचे डोळे चमकले. गोठ्यात आदल्या दिवसापासून म्हैस मरून पडली होती, फुगली होती. ती ओढायला कोणीही मिळाले असते. पण ख्रिस्ती महाराजाने भर दुपारी गावातून ओढत न्यायची, हा नफा वर्षानुवर्षे पुरण्यासारखा होता. ते म्हणाले, “ठरलं. आधी काम, मंग पानी.”

“पाटील, पोरीला आधी घोटभर—”

“आधी काम.”

महाराजांनी खांद्यावर दोर घेतला. गाव ओट्याओट्यांवर येऊन उभे राहिले. “महाराज, भजन म्हनत ओढा की! म्हशीला बी मुगती मिळंल!” पाटील ओरडले. आणि महाराजांनी खरोखरच भजन म्हटले. दम पुरला तोवर म्हटले. मग नुसता दोराचा करकराट ऐकू येत राहिला.

इकडे विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. एकीने कळशी कलंडवायला हात उचललासुद्धा. पाटलांनी नुसते पाहिले. तो हात खाली आला. सुवी एकदा “आये, पानी” म्हणाली. मग तिने मागायचे थांबवले. कोंडाबाई तिला पदराने वारा घालत होती, आणि ते वारा घालणे तिने बराच वेळ थांबवले नाही.

ओढ्यापलीकडे म्हैस टाकून महाराज परतले तेव्हा त्यांचा खांदा सोलून निघाला होता. पाटलांनी हाक दिली, “ओता रं! रंभाजी पाटील शबदाला जागतो!” वरून पाणी पडू लागले. घागर भरली, भरून वाहू लागली. कोंडाबाईने ती उचलली नाही.

महाराज जवळ गेले. त्यांनी पोरीच्या नाकाशी हात नेला आणि तसेच जमिनीवर बसले.

पाटील थोडे चपापले, पण हिशेबाचा माणूस लवकर सावरतो. “म्या काय मारली व्हय? पानी तर दिलं,” एवढे बोलून ते घराकडे वळले. संध्याकाळ व्हायच्या आत पोरीला मूठमाती द्यायला हवी होती. ओढ्याकाठच्या मऊ मातीत पाटलांनी परवानगी दिली नाही. “ती गावाची जागा. येशूवाल्यांना माळ हाय की!” तो माळ म्हणजे नुसता काळा खडक. त्यावर कुसळही धड उगवत नसे. वस्तीतला एक म्हातारा पहार घेऊन आला, ती महाराजांपुढे टाकली आणि मान वर न करता निघून गेला. त्याच्याच्याने तेवढेच झाले.

महाराज खणू लागले. पहार खडकावरून उसळे आणि हाताला झिणझिण्या आणी. कोंडाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. महाराजांनी त्या वेळी पाण्यासाठी प्रार्थना केली नाही, हे नीट लक्षात ठेवावे. “प्रभो, ह्या लेकराच्या लांबीएवढी जागा मऊ कर,” एवढेच त्यांचे मागणे होते.

आणि काय सांगावे! पहारीच्या एका घावासरशी शिळा दुभंगली आणि खालून पाणी वर आले. गार, निर्मळ, आकाशासारखे स्वच्छ! अवर्षणाच्या त्या सालात, त्या नापीक खडकातून, प्रभूने झरा फोडला!

महाराजांनी काय करावे? ते ओंजळींनी ते पाणी उपसून बाहेर फेकू लागले. आपण मागितली होती मऊ जागा आणि खड्डा तर भरत चालला होता. ते उपसत होते आणि पाणी चढत होते. ज्याच्या हातून चमत्कार झाला त्यालाच त्याचा संताप यावा, असे दुसऱ्या कोणत्या संताच्या वाट्याला आले असेल? शेवटी ते थांबले. गुडघाभर पाण्यात उभे राहून मोठमोठ्याने रडले.

कोंडाबाई म्हणाली, “महाराज, सकाळी का न्हाई?”

महाराज पाण्यातून बाहेर आले.

“त्येच पानी हाय न्हवं? सकाळी बी हितंच व्हतं. मंग सकाळी का न्हाई?”

महाराज म्हणाले, “बाई, मला ठाऊक नाही.”

तिने पोरीला मांडीवरून खांद्यावर घेतले. मग म्हणाली, “ठावं न्हाई म्हनलात, त्ये बरं केलंत. दुसरं काय बोलला असता, तर म्या हितनंच माघारी गेले असते.”

झऱ्यापासून जरा वर, खडकाच्या खोबणीत पोरीला ठेवून दोघांनी तिच्यावर दगड रचले. पुढचे काही दिवस कोंडाबाईने प्रार्थना केली नाही. महाराजांनी तिला एका शब्दाने विचारले नाही. रविवार आला. महाराज रिकाम्या शाळेत चिपळ्या घेऊन बसले. ही बाई येईल अशी अपेक्षा करण्याचा त्यांना अधिकार राहिला नव्हता. भजन निम्म्यावर आले असताना ती आली, भिंतीशी बसली. तिने ओठ हलवले नाहीत, हात जोडले नाहीत. पण शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या रविवारीही आली.

तेवढ्यात गावच्या विहिरीने तळ दाखवला. आधी गाळ आला, मग गाळही येईना. माळावर मात्र पाणी ओसंडत होते. चावडीवर शास्त्राचा खल झाला आणि असे निघाले की खडकातून आपोआप वर येणाऱ्या पाण्याला विटाळ नसतो. हे शास्त्र तोवर गावात कोणालाच ठाऊक नव्हते. लोक एकेकट्याने, मग घोळक्याने घागरी घेऊन माळ चढू लागले. वस्तीतली माणसेही आली. त्यांतल्या काहींना एकाएकी पूर्वीची भजने आठवू लागली होती.

पाटील सर्वांत शेवटी आले. डोक्याला पागोटे होते, पण चाल ती नव्हती. त्यांना पाहून वस्तीतली तरणी पोरे कुजबुजली, “महाराज, आता आपली पाळी! ह्येला म्हनू द्या, येशू माजा परभू. मंगच घागर!”

महाराज म्हणाले, “पाणी माझे नाही. तिला विचारा.”

कोंडाबाई झऱ्याच्या काठावर बसली होती. पाटलांनी तिला आयुष्यात प्रथमच बाई म्हटले. “कोंडाबाई, काय म्हनायचं त्ये सांग. म्हनतो. येशू म्हनू? म्हनतो.” ते घरूनच तयारी करून आले होते. किंमत सांगितली जाईल, घासाघीस होईल, आणि व्यवहार पुरा होईल, अशी त्यांची अटकळ होती.

“काय बी म्हनू नगा,” ती म्हणाली. “घागर इकडं करा.”

तिने घागर भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. पाटील उभेच राहिले. फुकट मिळालेल्या त्या पाण्याचे काय करावे हे त्यांना सुचेना. त्यांनी पागोटे काढले आणि ते महाराजांच्या पायांवर ठेवायला वाकले, पण महाराज मागे सरले. त्यांनी वरच्या दगडांच्या राशीकडे बोट दाखवले. “इथे नाही, पाटील. तिथे.”

रंभाजी पाटील माळ चढले. त्या लहानशा राशीपुढे गुडघे टेकून त्यांनी कपाळ खडकाला लावले. “चुकलो, लेकी, चुकलो!” म्हणून ते ओक्साबोक्शी रडले. घागरी घेतलेले सारे गाव ते पाहत होते. बराच वेळ झाला. पाटील उठेनात.

कोंडाबाई म्हणाली, “पाटील, उठा आता. मागं लोकं खोळंबल्यात.”

आता ताळा मांडू. गावाला पाणी मिळाले. वस्तीला ढोरे ओढण्यातून सुटका मिळाली, कारण त्या दिवसानंतर पाटलांनी कोणाला ते काम सांगितले नाही. पाटलांना क्षमा मिळाली की नाही ते प्रभू जाणे, पण चारचौघांत रडता आले, हेही कमी नाही. महाराजांना कीर्ती मिळाली. आजही त्या झऱ्याला लोक महाराजांचे पाणी म्हणतात, आणि महाराज हयात होते तोवर ते नाव ऐकले की उठून जात. कोंडाबाईला तिचा प्रभू राहिला. तिने त्याला सोडला नाही आणि तो प्रश्नही सोडला नाही. मरेपर्यंत ती दर रविवारी दोन्ही घेऊन भिंतीशी बसत असे.

आणि ह्या सगळ्याची किंमत भरली सुवार्तेने. ती चार वर्षांची होती, आणि तिला कोणी विचारले नव्हते.