शेवटच्या घराची ओ

खूप खूप जुनी गोष्ट आहे. एका राज्यात नदीकाठच्या उतारावर एक गाव होतं. तिथली माणसं अगदी आपल्यासारखीच होती. म्हणजे एरवी शहाणी, आणि वेळ आली की शहाणपण घरी विसरून येणारी.

नदीला पूर यायचा, तोही न सांगता. म्हणून गावात एक रीत होती. पाणी चढताना ज्याला आधी दिसेल त्याने आपल्या खालच्या घराला हाळी द्यायची. खालून "ओ" आली की मगच बोचकं उचलून टेकडीकडे निघायचं. ओ आली नाही, तर स्वतः खाली जाऊन बघायचं. अशी हाळी घराघरातून उतरत शेवटच्या घरापर्यंत पोचायची.

शेवटचं घर होतं एका बहिऱ्या म्हातारीचं. तिच्या वरच्या घरात दोरखंड वळणारा एक माणूस राहायचा. म्हातारीला हाळी ऐकू जायची नाही, त्यामुळे दर पुराला त्याला तिच्या दारात जावंच लागे. बरं, गेल्यावर ती लगेच निघेल तर शपथ!

"आजी, चला! पाणी आलंय!" तो हातवारे करून सांगायचा.

"थांब रे बाबा, माझी कोंबडी कुठं गेली ते बघू दे."

कोंबडी सापडेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. मग त्याच्या खांद्याला धरून, वर त्याच्यावरच करवादत, म्हातारी टेकडी चढायची. पण चढायची. कितीतरी पूर आले नि गेले, गावातलं एकही माणूस वाहून गेलं नव्हतं.

मग गावात एक तांबट आला. फार हुशार माणूस. त्याने तांब्याचा एक पोकळ गोळा नदीत सोडला आणि दोर, कप्प्या लावून तो टेकडीवरच्या घंटेला जोडला. पाणी चढलं की गोळा वर येणार आणि घंटा वाजणार.

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट घंटेला नावं ठेवायला सांगत नाही. घंटा उत्तम होती. ती एकदाही चुकली नाही. चुकली ती माणसं, आणि ती कशी चुकली हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

पाटील म्हणाले, "आता हाळीची कटकट बंद. घंटा वाजली की ज्याने त्याने टेकडी गाठायची."

"आणि खालच्या आजी?" कोणीतरी विचारलं.

"मी आहे ना शेजारी," दोरखंडवाला म्हणाला. "त्यात काय एवढं!"

श्रावणातल्या एका दुपारी घंटा वाजली. दोरखंडवाला जेवायला बसला होता. त्याने ताट सरकवलं, बायकोला हाक मारली, पोरांना काखेत घेतलं. दारात क्षणभर थांबून त्याने खाली पाहिलं. 'एवढी घंटा वाजतेय,' त्याला वाटलं, 'आजींकडे कोणीतरी गेलंच असेल.' वरच्या लोकांना वाटलं, शेजारी आहे की. पाटलांना वाटलं, घंटा आहे की.

टेकडीवर सगळे जमले आणि घंटेचं कौतुक सुरू झालं. काय खणखणीत वाजते, काय वेळेवर वाजते! बऱ्याच वेळाने एका बाईने विचारलं, "आजी कुठं आहेत?"

सगळे टेकडीच्या कडेला धावले. खाली म्हातारीच्या छपरावरून पाणी चाललं होतं. ती बिचारी रोजच्यासारखी नदीकडे पाठ करून चिंचा फोडत बसली असणार. पूर ओसरल्यावर कोंबडी तेवढी झाडावर सापडली.

गाव रडलं. खोटं कशाला बोलू, मनापासून रडलं. दोरखंडवाला तर दोन दिवस जेवला नाही. मग सभा भरली, आणि हाच माणूस उठून काय म्हणाला असेल?

"घंटा लहान पडली. याहून मोठी घंटा हवी!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! अहो, बहिऱ्या बाईसाठी मोठी घंटा! एकालाही हसू आलं नाही की लाज वाटली नाही. लोकांनी घरातली तपेली, पराती आणून दिल्या, त्या वितळवून तांबटाने हत्तीएवढी घंटा ओतली. हाळी परत सुरू करू, असं कोणी म्हणालं नाही. हाळी म्हणजे दुसऱ्यासाठी थांबणं आलं, आणि थांबायची सवय मोडली होती.

म्हातारी गेली, तिचं घर गेलं. पण शेवटचं घर म्हणून एक घर प्रत्येक गावात असतंच. आता ते दोरखंडवाल्याचं झालं. हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना कोणाच्या.

पुढच्या पावसाळ्यात तो घसरून पडला आणि त्याचा पाय मोडला. बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. तो एकटाच खाटेवर पडलेला असताना घंटा वाजली. त्याने ती अगदी स्पष्ट ऐकली. सरपटत तो उंबऱ्यापर्यंत आला आणि सगळा जीव एकवटून त्याने हाळी दिली.

"ओ द्या रे कोणीतरी! मी खाली राहिलोय!"

टेकडीवर लोक कानांत बोटं घालून उभे होते. त्या घंटेपुढे माणसाचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे कोणीतरी गेलंच असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. पाणी उंबऱ्यावर चढलं, मग त्याच्या गळ्याशी आलं. हाळी थांबली. घंटा वाजतच राहिली.

आता शेवटचं घर त्याच्या वरच्या माणसाचं आहे, आणि गावात आणखी मोठ्या घंटेची बोलणी चालू आहेत.

लहानथोरांनो, सांगायचं ते एवढंच: यंत्राने सगळ्यांना कळवलं, म्हणून शेजाऱ्याच्या दारात जाण्याचं आपलं काम संपत नाही.