उष्ट्या प्लेटांची टीप

रविवार, १२ मार्च. कडक ऊन, वारा अजिबात नाही. सांगलीतल्या एका बुफे हॉटेलात मालकाचे थोरले मेहुणे दत्ताजीराव सहकुटुंब जेवायला आले. काउंटरवरची टीपची पेटी बघून ते कडाडले, “इथं माणूस स्वतः वाढून घेतो, मग टीप कसली? उद्यापासून पेटी बंद!” मालकाने मुकाट मान डोलावली.

टेबलं सांभाळणाऱ्या यमुनाबाईंचं निम्मं घर त्या पेटीवर चालायचं. पेटी जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

दत्ताजीराव चौथ्यांदा उठून बासुंदी घेऊन आले, तर टेबलावर वाटी टेकवायला जागा नव्हती.

“अहो बाई, या प्लेटा कोण उचलणार?”

“वाढून तुम्हीच घेतलंत साहेब, त्याचं मी काही मागत नाही. पण आपलं उष्टं दुसऱ्यानं काढावं असं वाटत असेल, तर पेटी त्यासाठीच आहे. नाहीतर मोरी उजवीकडं.”

बायको पदराआड हसली. दत्ताजीराव ओशाळले. “बरं, किती टाकायचे?”

“प्लेटमागं दहा. जेवढं उष्टं, तेवढी टीप.”

प्लेटा एकोणीस भरल्या. पेटीत एकशे नव्वद रुपये पडले आणि पेटी काउंटरवरच राहिली.